पाळीव सशाची मादी खरोखर गाभण आहे का?

सशाच्या मादीत स्त्रीबीज ठरावीक चक्राने सुटत नाही. नराशी संयोग झाल्यावर सुमारे १० तासांनी ते सुटते. हे घडूनही फलन झाले नाही, तर खोटे गाभणपण उद्भवते. उन्हाळ्याच्या तापाने तात्पुरते वंध्य झालेले नर आणि एकाच पिंजऱ्यात परस्परांवर चढणाऱ्या माद्या ही त्याची नेहमीची कारणे. अशी मादी नराला झिडकारते, अंगाचे केस उपटून घरटेही रचते आणि पालक पिल्लांची वाट पाहत राहतो. म्हणून संयोगाची तारीख लिहून ठेवावी. खरे गाभणपण ३० ते ३२ दिवसांचे असते व घरटे बहुधा अखेरच्या दिवसांत दिसते. खोटे १६ ते १८ दिवसांतच ओसरते, घरटेही त्याच सुमारास.

खात्री मात्र हातानेच करावी. १२ ते १४ व्या दिवशी मादीला खरखरीत पृष्ठभागावर शांत बसवून, मागील पायांच्या पुढे ओटीपोट अंगठा व बोटे यांमध्ये हळुवार चाचपावे. गर्भ द्राक्षांसारखे गुळगुळीत, बोटांतून निसटणारे लागतात. लेंड्या लहान, कठीण आणि कण्यालगत असतात. दाब दिल्यास गर्भ दगावू शकतात. नवशिक्याने सराव रिकाम्या मादीवरच करावा. नर पुन्हा दाखवून पाहण्याची प्रचलित परीक्षा मला विश्वासार्ह वाटत नाही. काही गाभण माद्याही नर स्वीकारतात.

मादी रिकामी ठरल्यास १८ दिवसांनंतर पुन्हा नराकडे न्यावी. गाभण असल्यास २८ व्या दिवशी वाळलेले गवत घातलेली पेटी द्यावी, अन्यथा उघडी पिल्ले जाळीवर गारठून मरतात.