निबवर ‘एफ’ लिहिलंय, मग रेघ जाड का?

आज थेट एका व्हॉइस मेसेजवर बोलू. आपली एक श्रोती यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणार आहे. सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत २० उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराला ठरलेली जागा. बोटं दुखू नयेत म्हणून तिने पैसे साठवून शाईचं पेन घेतलं. निबवर स्पष्ट ‘एफ’, म्हणजे फाइन. आणि रेघ उमटते स्केचपेनसारखी! ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, ‘द्ध’चा तर नुसता ठिपका होतो. ती विचारते, “दादा, मला फसवलं का?”

बहुतेक नाही गं. निबवरचं अक्षर म्हणजे टी-शर्टवरचा ‘एम’. एका कंपनीचा अंगाला चिकटतो, दुसरीचा झब्बा होतो. एफ म्हणजे अमुक इतके मिलिमीटर, असं सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक माप नाही. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांचा फाइन साधारणपणे लामी, पेलिकन अशा जर्मन कंपन्यांच्या फाइनपेक्षा बारीक असतो. कारण समजण्यासारखं आहे. कांजी लिपीत २९ रेघांचं एक अक्षर आहे, ते वहीच्या एका चौकोनात बसवायचं तर टोक बारीकच हवं. रोमन लिपीला तेवढी गरज नाही. आपली देवनागरी मधे कुठेतरी येते, पण जोडाक्षरं आली की जपानच्या जवळ सरकते, असं माझं मत.

पण थांबा, लगेच नवीन पेन ऑर्डर करू नका. कारण रेघ फक्त निबवर ठरत नाही, ती कागदावर ठरते.

निबच्या टोकाला कडक धातूचा बारीकसा मणी जोडलेला असतो. (सगळे त्याला इरिडियम म्हणतात, पण आजकाल त्यात बहुधा दुसऱ्याच धातूंचं मिश्रण असतं.) मण्याच्या मधून चीर जाते आणि चिरेतून शाई खाली येते. मणी कागदाला टेकतो तेव्हा त्याच्याभोवती शाईचं छोटंसं तळं साचतं. रेघेची जाडी म्हणजे या तळ्याची रुंदी, अधिक कागदात शाई जितकी पसरेल तितकी. मणी तोच ठेवूनही हे तळं लहान-मोठं करता येतं, गंमत तिथेच आहे.

सगळ्यात आधी कागद बदलून बघा. स्वस्त कागद टीपकागदासारखा वागतो. त्याच्या तंतूंमधून शाई आडवी धावते, म्हणजे आपण म्हणतो ना, शाई फुटते. गुळगुळीत कागदावर तीच रेघ चक्क बारीक दिसते. परीक्षेत कागद आपल्या हातात नसतो हे खरं, म्हणून सराव चांगल्या डायरीत करू नका. उत्तरपत्रिकेसारख्या साध्या कागदावरच करा.

मग शाई. काही शाया ‘ओल्या’ असतात, सढळ वाहतात. काही ‘कोरड्या’. पेलिकन ४००१ कोरडी म्हणून ओळखली जाते, पायलटची इरोशिझुकू ओली. जाड रेघेवर कोरडी शाई हा सगळ्यात स्वस्त उपाय. बदलण्याआधी पेन साध्या पाण्याने नीट धुवा, आणि दोन शाया एकत्र करू नका.

तिसरा आपला हात. बॉलपेनला दाबावं लागतं, ती सवय लगेच सुटत नाही. शाईच्या पेनवर दाब दिला की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि शाई भसाभसा येते. पेनच्या वजनानेच लिहून बघा. एका ओळीत फरक कळेल.

आपल्याकडची ड्रॉपरने शाई भरायची पेनं असतील तर अजून एक कारण. शाई निम्म्याखाली गेली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. लिहिता लिहिता रेघ अचानक जाड झाली? टाकी भरा.

एवढं करूनही जाडच? मग मोबाईलचा मॅक्रो मोड काढा. निब उजेडासमोर धरून चीर बघा. ती टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. टोकापाशीच फट दिसली तर निब फाकलेली आहे. अशी निब पेन दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, किंवा वॉरंटीत बदलून घ्या. व्हिडिओ बघून सॅंडपेपरवर घासायला अजिबात बसू नका. मणी एकदा झिजला की परत येत नाही, आणि वॉरंटीही जाते.

आणि निब चांगली आहे, फक्त जातीनेच जाड आहे, असं निघालं तर? काही पेनांची नुसती निब बदलता येते. लामी सफारीची निब चिकटपट्टी लावून पुढे ओढली की निघते, ईएफ, म्हणजे एक्स्ट्रा फाइन, बसवायची. बाकी पेनांत दुकानदाराला आधी विचारा. आणि दुकानातच ‘विद्यार्थ्यांच्या बुद्धिमत्तेची वृद्धी’ लिहून बघा, आपण नेतो त्या कागदावर, त्यांच्या गुळगुळीत पॅडवर नाही.