सरकारी सुट्टी, खासगी हजेरी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दरवर्षी मला तेच फोन येतात. "ताई, पाडव्याची सुट्टी सरकारनं जाहीर केलीय, पेपरात यादी आलीय, आणि आमचे साहेब म्हणतात कामावर या. असं करता येतं का त्यांना?" विचारणारा कधी मोबाइलच्या दुकानातला विक्रेता असतो, कधी हिंजवडीतल्या कंपनीतली मुलगी, कधी भोसरीतला फिटर. कामगार कायद्याची वकिली करताना या तिघांना एकच उत्तर देणं मला कधी जमलेलं नाही, कारण तिघांना एकच नियम लागू होत नाही. पेपरातल्या यादीचा मात्र तिघांशीही थेट संबंध नसतो.

ही यादी राज्याचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी काढतो. तिच्यात साधारण दोन डझन दिवस असतात. खाली बारीक अक्षरात आधार दिलेला असतो: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि चेकचा. वचनचिठ्ठीची मुदत नेमकी सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरली, तर पैसे केव्हा देणं लागतात, हा त्या कलमाचा प्रश्न. उत्तर असं की मुदत त्याच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असं धरायचं. त्यासाठी सुट्टीचे दिवस कोणते हे सरकारला आधी जाहीर करावं लागतं, आणि तो अधिकार केंद्राने राज्यांकडे सोपवला आहे. यादीत १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना, वर्षाचे हिशेब मिटवण्यासाठी असते. या एका नोंदीवरूनही यादीचा मूळ हेतू कळतो.

म्हणून पाडव्याला खासगी बँकेचंही शटर खाली असतं आणि त्याच इमारतीतलं सॉफ्टवेअरचं ऑफिस चालू असतं. बँकेचा व्यवहारच या कायद्याखाली येतो. सरकारी कचेऱ्या सरकारच्या स्वतःच्या, त्या सरकार बंद ठेवतं. खासगी मालकाने माणसाला कधी कामावर बोलवावं, याबद्दल ही अधिसूचना एक शब्दही बोलत नाही.

न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. दादरा आणि नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली. त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी २०२१ साली बंद झाली, तेव्हा ती परत मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, कोणता दिवस सुट्टीचा ठरवायचा हा सरकारच्या धोरणाचा विषय आहे, असा निकालाचा आशय. त्यात सुट्ट्या आधीच फार झाल्या असल्याचाही सूर होता. वर्षातून चार दिवसही न मिळणाऱ्यांच्या फायली माझ्या टेबलावर असतात, त्यामुळे तेवढा भाग वाचताना मी थबकले होते.

मग खासगी नोकराला कायद्याने काय मिळतं? दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, आयटी कंपन्या यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला आठ पगारी सण-सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, स्थानिक प्रथा पाहून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. या आठांपैकी कुठल्याही दिवशी मालक कामावर बोलावू शकतो, पण मग त्याला दोन गोष्टी द्याव्या लागतात: त्या दिवसाचा दुप्पट पगार, आणि बदली सुट्टी. दिवसाचा सरासरी पगार ७०० रुपये असेल तर १,४०० रुपये आणि शिवाय दुसरा एक दिवस. "पैसे घे नाहीतर सुट्टी घे" असं सांगणारे मालक मी पुष्कळ पाहिले. कायद्यात "नाहीतर" नाही, "आणि" आहे.

याच कायद्याने दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. त्यावरून नोकराची सुट्टी गेली असा समज पसरला, तो चुकीचा आहे. दुकान उघडं राहील, माणसं आळीपाळीने घरी जातील.

पण कुंपणाबाहेर खूप लोक आहेत. मूळ कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाला. ती संख्या वीसवर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे चौघा-पाचजणांच्या दुकानातला पोऱ्या आधीही बाहेर होता, आता त्याच्या जोडीला पंधराजणांच्या शोरूमची पाळी आली. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय कामाच्या पदांवरची माणसंही वगळली आहेत. फराळाचा डबा दारात आणून देणाऱ्या मुलाला कंपनी "भागीदार" म्हणते, त्यामुळे तो या आठ दिवसांच्या हिशेबात येत नाही. आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंना भाऊबीजेला सुट्टी द्यायची की नाही, हे कुठलाही कायदा सांगत नाही. ते आपण ठरवतो. म्हणून त्याची जबाबदारीही आपली आहे, आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे: दिवस द्यावा आणि पैसे कापू नयेत.

भोसरीतल्या फिटरची गोष्ट वेगळी. कारखाना १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली चालत आला. त्यात आठवड्याची सुट्टी होती, कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस रजा होती, जादा कामाला दुप्पट दर होता. सणाची एकही सुट्टी नव्हती. आठवड्याची सुट्टीही रविवारीच असते असं नाही. विजेच्या नियोजनामुळे भोसरीत ती गुरुवारी असते. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. रजेसाठी पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, ते १८० वर आले. सणांची यादी त्यांतही नाही. तमिळनाडू आणि केरळने १९५८ मध्ये, कर्नाटकाने १९६३ मध्ये उद्योगांसाठी राष्ट्रीय व सण-सुट्ट्यांचा स्वतंत्र कायदा केला. बेळगावच्या कारखान्यातल्या मराठी कामगाराला त्या कायद्याने वर्षाला दहा दिवस मिळतात. कामगार चळवळीचं माहेर म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात कारखान्यांसाठी असा कायदा नाही, याची मला खंत वाटते.

तरीही पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत गणपतीला, दसऱ्याला सुट्टी असते. ती युनियनच्या करारातून आलेली असते. पगारी रजा आणि सुट्ट्या हा औद्योगिक विवादाचा विषय असल्याने मालकाला चालत आलेली सुट्टी मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही. २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्यावर भांडता येतं. ही वाट जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज दिले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती कायद्यात आली त्यानंतर, १८९१ च्या कारखाने कायद्याने.

सर्वांना लागू होणारी एक सुट्टी मात्र आहे: मतदानाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाला प्रत्येक मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवरच्यालासुद्धा. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल, तेवढा अपवाद. मोडणाऱ्या मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत. ही रक्कम वाढवायला हवी.

पुन्हा दुकाने कायद्यातल्या, मिळून ठरवायच्या त्या चार दिवसांकडे येते, कारण खरा जीव तिथे आहे. कोकणातल्या माणसाला गणपती आणि शिमगा हवा, विदर्भात पोळा हवा, पंढरपुरात आषाढी. नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणाऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन हवा, कुणाला १४ एप्रिल, कुणाला ईद, कुणाला नाताळ. चारच दिवस, आणि माणसं इतकी. बहुतेक ठिकाणी हे कुणी ठरवतच नाही; जानेवारीत मालकाने लावलेला कागद सगळे वाचतात आणि ऑक्टोबरमध्ये मला फोन करतात. तोवर उशीर झालेला असतो. ही बोलणी डिसेंबरात करायची असतात.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याजवळच्या एका गोदामातल्या बावीसजणांना मी हेच सांगितलं होतं. डिसेंबरच्या एका शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, ते पेट्यांवर बसले. पाडव्याला माल सगळ्यात जास्त जातो, त्या दिवशी सुट्टी मागून मिळणार नाही, हे त्यांनी आपणहून धरलं. बायकांनी भाऊबीज मागितली, ती पहिली ठरली. मग अनंत चतुर्दशी. १४ एप्रिलवर कुणी वाद घातला नाही. चौथ्या दिवसासाठी दसरा की ईद यावर अर्धा तास गेला. मुसलमान दोघेच होते आणि ते गप्प बसले होते. शेवटी लोडिंगवरचे एक काका म्हणाले, "दसऱ्याला आपण सकाळी सोनं वाटून कामाला येतो की. ईदला या पोरांनी काय करायचं?" मालकाने सही करताना एकदा वर पाहिलं, काही बोलले नाहीत. कागद हजेरीच्या रजिस्टरशेजारी टाचला गेला, चार तारखा हाताने लिहिलेल्या.