जुन्या मोटारींचा लिलाव आणि दप्तराचे मोल

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, आणि नांदेड-लातूर रस्त्यालगतच्या त्या माळावर घोडे, गाढवे, उंट व तांबडे लालकंधारी बैल यांचा जो बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात दलाल व गिऱ्हाईक हातांवर रुमाल टाकून बोटांनी भाव ठरवितात, हे त्या मुलखात कोणास सांगावयास नको. विकणाराने शिंगे साळून, तेल चोपडून, गोंडे बांधून जनावर उभे करावे आणि जाणत्या घेणाराने दात, खूर व खांदा पाहिल्याखेरीज बोट दाबू नये, असा तेथील रिवाज आहे. जुन्या मोटारी डागडुजी करून लिलावात नफ्याने विकण्याचा जो व्यवसाय आज जगभर बोकाळला आहे, त्याचे मर्म ह्याच रिवाजात आहे. दाताखुरांच्या जागी तेथे चेसिसचा क्रमांक आणि गाडीचे दप्तर पाहतात, इतकेच.

१९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ २०१८ च्या ऑगस्टात कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली आणि २०२२ साली मर्सिडीज-बेंझची ३०० एसएलआर कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली, अशा वार्ता वाचून पुष्कळांच्या तोंडास पाणी सुटते. परंतु ही दुसरी गाडी दोनच नगांपैकी एक असून विक्रीपर्यंत खुद्द कारखान्याच्याच ताब्यात होती, तिच्या जन्मापासूनचा इतिहास लेखी होता, आणि कोणा हौशी कारागिराने भंगारातून उचलून तिला रंग दिलेला नव्हता, हे वार्ता वाचणाराच्या ध्यानी येत नाही. अशा गाडीचा धनी नफा कमावतो तो हातोड्याच्या बळावर नव्हे, तर दाखल्याच्या बळावर.

आपल्या मराठी संस्थानिकांत ह्याचे ठळक उदाहरण इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांचे आहे. एकार्ट मुथेसियस ह्या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. त्यातील सामानसुमान १९८० साली मोनॅको येथे सॉथबी ह्या लिलावगृहाने लिलावात काढले. त्यांची ड्यूसेनबर्ग एसजे, जिची भगव्या-काळ्या रंगाची काया लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारखान्याने घडविली होती, ती कालांतराने अमेरिकेत गेली, आणि तेथे ती आजही ‘इंदूरच्या महाराजांची गाडी’ म्हणूनच ओळखली जाते. संस्थान विलीन झाले, तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले, पण होळकरांच्या नावाची किंमत मात्र पत्र्याला चिकटून राहिली.

आमच्या नांदेड-कंधार मुलखाचा धनी होता हैदराबादचा निजाम. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान १९६७ साली पैगंबरवासी झाले आणि त्यांच्या मोटारींपैकी कित्येक वर्षानुवर्षे हैदराबादेतील मोटारखान्यांत धूळ खात पडल्या. त्यांतली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, १९१२ ची, दुरुस्त होऊन आज चौमहल्ला राजवाड्यात लोकांस पाहावयास मिळते. ती तरली, पण नांदेड, कंधार, उदगीर येथील जहागीरदार-देशमुखांच्या वाड्यांतल्या गाड्यांचे काय झाले असेल? संस्थानचा कारभार उर्दूतून चाले, पुढच्या पिढ्यांस ती लिपी येईना, तेव्हा जुन्या कागदांचे गठ्ठे रद्दीत आणि गाड्या भंगारवाल्याच्या काट्यावर, असेच बहुधा घडले असावे असा माझा तर्क आहे. दळणवळणाच्या बाबतीत हे संस्थान मागे नव्हते, हे विशेष: निजाम सरकारने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन स्वतःची मोटारसेवा सुरू केली होती.

आता डागडुजीच्या कारखान्यात डोकावू. जाणता मिस्त्री गाडी उघडताच प्रथम दाराच्या बिजागरीमागचा कोपरा नखाने खरवडतो, कारण वरवर दिलेल्या रंगांचे थर एकामागून एक निघत गेले म्हणजे सर्वांत तळाशी मूळ रंगाची चकती तेथेच सापडते. मग चेसिसवरील खोदीव आकडे. त्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली म्हणजे जो छाप उमटतो, तोच आरटीओच्या कचेरीत गाडीची ओळख पटवितो. एक आकडा घासला गेलेला वा पुन्हा ठोकलेला दिसला की समजावे, सौदा फसला. आमच्याकडे ह्याहून मोठा घोटाळा आहे तो इंजिनाचा. पेट्रोल परवडेना म्हणून किती तरी जुन्या जीपगाड्यांत दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसविले गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपण होते, लिलावाच्या दृष्टीने मात्र गाडीचे कुळच बाटले. पत्रा सरळ करणारा डेंटर, बोअर करणारा लेथवाला, वायरिंगवाला हे सर्व नांदेडात मिळतील. हरवलेले मूळ इंजिन मात्र त्यांच्यापैकी कोणीही परत आणू शकत नाही.

तशात जगातील जाणकारांची रुचीही पालटली आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे ‘फिवा’ने, संमत केलेली ट्यूरिनची सनद डागडुजीपेक्षा जतनास अग्रमान देते, आणि चकाकत्या नव्या रंगाच्या गाडीपेक्षा मूळ रंग उडालेली, पण न छेडलेली गाडी आज अनेकदा अधिक भाव खाते. शिंगांना तेल लावणाऱ्यांनी ह्याची नोंद घ्यावी.

सरकारी बाजूही ठाऊक असावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले वाहन, चेसिस, काया व इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसल्यास, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात आणि रोजच्या वा धंद्याच्या कामास वाहन वापरता येत नाही. विक्रीस मज्जाव नाही, परंतु वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास २०२५ पासून खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. लिलावगृहाचे कमिशन व दुरुस्तीचा खर्च त्यात मिळविला, तर साध्या गाडीत नफा उरेल असे मानणे हा भाबडेपणा होय. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात हद्दपार झाली. तिच्या जातीच्या हजारो गाड्या निघाल्या. लिलावात उभी राहील ती त्यांतली एखाद-दुसरीच, जिचे दप्तर शाबूत आहे अशी.

म्हणून लोहा-कंधार भागात ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात किंवा गोदामात एखादी जुनी जीप, राजदूत वा येझदी मोटारसायकल पडून असेल, त्यांनी भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी नोंदणीपुस्तक, कर भरल्याच्या पावत्या, विम्याचे कागद आणि गाडीसोबतचा एखादा जुना फोटो एका ठिकाणी गोळा करावा, चेसिस-क्रमांकाचा छाप काढून ठेवावा, उर्दू कागद असतील तर जाणत्याकडून वाचून घ्यावेत, आणि हे सारे होईपर्यंत मिस्त्रीला रंगाच्या डब्यास हात लावू देऊ नये.