कामाला लागलं की पेन्शन बंद होते का?

‘‘तुला पेन्शन चालू आहे ना? मग कशाला मरायला जातेस कामाला? एकदा का कामावर गेलीस, की ती बंद झालीच म्हणून समज!’’

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची गणतीच नाही. सासरच्यांनी म्हटलं, शेजारणींनी म्हटलं, एकदा तर रिक्षावाल्यानेही फुकटचा सल्ला दिला. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं हो. पण या एका वाक्यापायी किती धडधाकट मनाच्या बायका घरात बसून राहिल्यात, ते पाहिलं की जीव तुटतो. म्हणून मैत्रिणींनो, आज जरा हिशेब मांडून बोलू या.

आधी माझं सांगते. आमच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होते. २०१८ साली डाव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. त्या दिवसाचं वर्णन नको, मुद्दा त्याच्या पुढचा आहे. आमच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे पैसे कापले जायचे, तेव्हा पावणेदोन टक्के. (जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के झाला.) पगाराच्या दिवशी ती कपात बघून आम्ही बायका कुरकुरायचो. ‘आपल्याला काय होतंय, उगाच पैसे जातात’ म्हणायचो. त्याच विम्याने मला उभं केलं.

यात दोन वेगवेगळे पैसे असतात, आणि सगळा घोळ होतो तो इथेच. पहिला पैसा उपचार चालू असतानाचा. डॉक्टर सांगतील तोवर कामावर जायचं नाही आणि सरासरी मजुरीच्या ९० टक्के भत्ता घ्यायचा. हा भत्ता काम थांबल्याबद्दलचा असतो, त्यामुळे काम सुरू झालं की तो थांबतो. ते बरोबरही आहे. त्या दिवसांत बाहेर कुठे मजुरीने काम करून दोन्हीकडून पैसे घेतले, तर ती फसवणूक ठरते.

दुसरा पैसा निराळा. जखम भरली, पण बोटं काही परत येत नाहीत. मग मेडिकल बोर्ड बसतं आणि कमावण्याची ताकद किती टक्क्यांनी घटली ते ठरवतं. कोणत्या अवयवाला किती, याचा तक्ता कायद्यातच दिलेला आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. माझी सरासरी मजुरी दिवसाला ४०० रुपये होती. तिचे ९० टक्के म्हणजे ३६०. त्याचे २० टक्के म्हणजे रोजचे ७२ रुपये. महिन्याचे साधारण २१६० झाले. बायांनो, ही रक्कम जन्मभर मिळते आणि कामावर गेलं तरी बंद होत नाही. कारण ती बसून राहण्याबद्दल दिलेलीच नाही, ती गेलेल्या बोटांबद्दल आहे. मी कामावर गेले म्हणून बोटं थोडीच उगवणार आहेत?

हे मला ईएसआयच्या ऑफिसात खिडकीवर बसलेल्या एका वयस्कर साहेबांनी समजावून सांगितलं. ‘‘ताई, वर्षातून एकदा हयातीचा दाखला तेवढा द्यायला विसरू नका. नोकरी करा, नका करू, आमचं काही म्हणणं नाही.’’ मी तीन-तीनदा विचारून घेतलं. मग घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना काही पटेना. पण पुढच्या महिन्यात पगार आणि विम्याचे पैसे दोन्ही बँकेत जमा झालेले त्यांनी पासबुकात पाहिले, आणि विषय मिटला.

आता मी त्याच कारखान्यात स्टोअरला आहे. नोंदी ठेवायच्या, माल मोजून द्यायचा. पण परत गेले तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. ‘‘तुम्हाला तिकडून पैसे मिळतातच, मग पगार थोडा कमी धरू या का?’’ अगदी गोड आवाजात विचारलं होतं. मी म्हटलं, ‘‘साहेब, ते पैसे विम्याचे आहेत, माझ्या बोटांचे. आठ तास काम करणार, त्याचा पगार वेगळा.’’ हे लक्षात ठेवा. विम्याचा पैसा मालकाच्या खिशातून येत नाही आणि त्याच्या नावावर पगार कापायचं काही कारण नाही. आणखी एक सांगते. अपघात झाला त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद झाली का, ते घरच्यांना बघायला लावा. ती नसली की अपघात कामावरच झाला हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. बोर्डाने दिलेला टक्का कमी वाटला, तर त्याविरुद्ध दादही मागता येते.

पण सगळ्याच पेन्शनी अशा नसतात. आणि खरी अडचण पुढेच आहे.

आमच्या गल्लीत एक ताई आहे. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर. घरात ती आणि म्हातारी आई. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून पैसे मिळतात. राज्याची ही योजना १९८० पासूनची. २०२३ मध्ये दरमहा रक्कम १००० वरून १५०० झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २५००. अलीकडे तिला एका मसाला-पापडाच्या उद्योगात पॅकिंगचं काम चालून आलं. दिवसभराचं काम, महिन्याला ५००० रुपये. हरखूनच गेली बिचारी! मला विचारायला आली, ‘‘तुमचं चालू राहिलं ना, मग माझंही राहील?’’

इथे ‘हो’ म्हणता येत नाही. तिचे पैसे गरिबीवर बेतलेले आहेत. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. म्हणजे महिन्याला ४१६६ रुपये. लक्षात घ्या, एकटीचं नव्हे, कुटुंबाचं उत्पन्न! पाच हजारांची नोकरी म्हणजे वर्षाचे साठ हजार. मर्यादा ओलांडली, वर्षाचे तीस हजार गेले.

आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पूर्ण दिवस काम केलं तर हातात ५०००. तेच अर्धा दिवस केलं आणि ३००० मिळाले, तर वर्षाचे ३६ हजार. मर्यादेच्या आत. शिवाय अनुदानाचे २५००. एकूण ५५००! आहे की नाही गंमत? अर्ध्या दिवसात जास्त आणि पूर्ण दिवसात कमी. तिने मालकिणीशी बोलून अर्ध्या दिवसाचं ठरवलं. उत्पन्नाच्या दाखल्यात खरा आकडा लावला, काही लपवलं नाही. आता रोज दुपारी डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी उजळलेल्या चेहऱ्याने परत येते.

मला आनंद आहे, पण पूर्ण नाही. ती आठ तास काम करू शकते, तिला करायचंही आहे. मात्र पॅकिंगची नोकरी चार महिन्यांत सुटली तर? पुन्हा तलाठ्याकडे, पुन्हा सेतूत, पुन्हा अर्ज, पुन्हा समितीच्या बैठकीची वाट. या भीतीपोटी ती अर्ध्यावर थांबली. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व विम्यात पेन्शन घेणाऱ्याला नऊ महिने काम करून बघायची मुभा असते. त्या महिन्यांत कमाई झाली तरी पेन्शन पूर्ण मिळते. आपल्याकडेही निदान वर्षभर अशी सवलत दिली, नोकरी सुटल्यास जुनं अनुदान आपोआप सुरू केलं, तर कितीतरी जणी धीराने पाऊल टाकतील. आमदार-खासदारांकडे मागायचं, तर हे मागायला हवं.

तिसरी गोष्ट सरकारी नोकरीतल्या बायकांची. ओळखीच्या एका शिक्षिकेची नजर अधू होत गेली. घरात एकच घोष, ‘राजीनामा दे, पेन्शन घे, आराम कर.’ तिने पदर खोचून कायदा वाचून घेतला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या विसाव्या कलमात लिहिलंय, की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून सामावून घ्यायचं.

हे संरक्षण १९९५ च्या कायद्यातही होतं. कुणाल सिंग नावाच्या एका जवानाचा ड्यूटीवर पाय जायबंदी झाला आणि कापावा लागला. त्याला नोकरीतून कमी करण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००३ साली न्यायालयाने सांगितलं, की त्याला अपंगत्वाची पेन्शन दिली म्हणून त्याचा नोकरीवरचा हक्क बुडत नाही. ‘पेन्शन घे आणि गप्प बस’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर कुठलं?

आणखी एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. ‘कामावर दिसलीस तर अपंगत्वाचा दाखला रद्द होईल’ असं सांगणारेही भेटतात. दाखला शरीराची तपासणी करून मिळतो, तुम्ही घरी बसता की कामावर जाता यावर नाही. मात्र सिव्हिल हॉस्पिटलचा टक्का आणि ईएसआयच्या बोर्डाचा टक्का एकच नव्हे. माझे ईएसआयचे २० टक्के दाखवून मला संजय गांधी योजनेत अर्ज करता येणार नाही, तिथे दिव्यांगाच्या दाखल्यावर किमान ४० टक्के लागतात. दोन्ही कागद वेगवेगळ्या पिशवीत ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, कामाचा विचार मनात आला की आधी एकच गोष्ट शोधा. आपल्याला येणारा पैसा कशाबद्दल येतो? काम थांबल्याबद्दल, शरीराचं नुकसान झाल्याबद्दल, की घरची परिस्थिती बेताची असल्याबद्दल? पहिला काम सुरू होताच थांबणार. दुसरा चालू राहणार. तिसऱ्यासाठी वही-पेन्सिल घेऊन बसायचं आणि मर्यादेचा आजचा आकडा तहसीलमध्ये विचारून घ्यायचा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

हिशेब करूनही घरीच राहावंसं वाटलं तर खुशाल राहा. तब्येत तुमची, घर तुमचं. पण तो निर्णय कागद वाचून घेतलेला असू दे, ओट्यावरच्या ऐकीव गोष्टीवरून नको.