तळाच्या संघांचा वस्ताद

१९८४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी टाउन या दुसऱ्या श्रेणीतल्या संघानं लीग कपच्या सामन्यात एव्हर्टनला त्यांच्याच गुडिसन पार्क मैदानावर १-० असं हरवलं. त्याच हंगामात एव्हर्टन इंग्लंडचे विजेते ठरले, यावरून त्या निकालाचं मोल कळावं. ग्रिम्सबी हे मासेमारीचं बंदर. संघाकडे पैसा बेताचा. मॅनेजर होते डेव्हिड बूथ, याच संघातून खेळून निवृत्त झालेले.

इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. झगमगाट पहिल्या श्रेणीतल्या विसांचा. उरलेल्यांचे मॅनेजर खेळाडू हुडकतात, सराव घेतात, तिजोरीत किती शिल्लक आहे तेही पाहतात आणि चार सामने हरले की घरी जातात. त्या शाळेत तयार झालेले बूथ पुढे जगभर फिरले. मुंबईत ते आधी महिंद्रा युनायटेडचे आणि नंतर मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. लाओसचा राष्ट्रीय संघही त्यांनी सांभाळला. मुंबई एफसी २००७ मध्ये स्थापन झाला आणि २००८ मध्ये बूथ यांच्या हाताखाली तेव्हाच्या देशातल्या प्रमुख लीगची, म्हणजे आय-लीगची, दुसरी श्रेणी जिंकून वर आला.

त्या संघात एक मिडफिल्डर होते, खालिद जमील. जन्म कुवेतचा, घर मुंबईत. भारताकडून खेळलेले, पण दुखापतींनी बेजार. २००९ मध्ये त्यांनी बूट खुंटीला टांगले आणि बूथ यांच्या जागी मुंबई एफसीची सूत्रं घेतली. वय बत्तीस.

पुढची सात वर्षं मला या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याबद्दलच सर्वांत कमी लिहिलं गेलं. क्लब मुंबईचा, पण कूपरेज मैदान उपलब्ध नसताना ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागत. मोठ्या किमतीचे खेळाडू परवडत नसत. जमील यांनी आहे त्या पोरांची बचावफळी घट्ट बांधली, दोन फळ्यांमध्ये फट राहू दिली नाही, आणि चेंडू मिळाला की लांब पास देऊन थेट हल्ला. फ्री किक, कॉर्नर आणि थ्रो-इनवर त्यांची खास मेहनत. देखणा खेळ नाही म्हणून नाकं मुरडली गेली, पण त्या सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही.

२०१६ मध्ये क्लबनं त्यांना काढलं. ते मिझोरमला गेले, आयझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या हंगामात घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढल्यामुळेच तो पुन्हा आय-लीगमध्ये घेतला गेला. जमील यांनी मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना बरोबर नेलं. बाकी बहुतेक मिझो पोरं आणि मोजके परदेशी. २२ एप्रिल २०१७ ला आयझॉलमध्ये बलाढ्य मोहन बागानविरुद्ध सामना संपत आला असताना झोमिंगलियाना राल्टे यांनी हेडरवर गोल केला, १-०. मग ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना. विजेतेपदाला बरोबरी पुरेशी होती, पण पहिल्या दहा मिनिटांतच आयझॉल मागे पडला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि १-१ वर शिट्टी वाजली. आयझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबनं देशाची लीग पहिल्यांदाच जिंकली होती. त्याच हंगामात जमील यांच्याविना खेळणारा मुंबई एफसी तळाला राहिला, खाली घसरला आणि पुढे बंदच पडला.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांत त्यांचा जम बसला नाही. नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन उपांत्य फेरीत नेलं आणि २०२१ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) क्लबचे पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढच्या हंगामात संघ गडगडला. तेव्हा कमीपणा न मानता ते खालच्या श्रेणीतल्या एफसी बेंगळुरू युनायटेडकडे गेले. मला या माणसाचा सर्वाधिक आदर वाटतो तो इथे. मग जमशेदपूर, पुन्हा एका आयएसएल संघासह उपांत्य फेरी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये थेट भारताचं मुख्य प्रशिक्षकपद. सावियो मेदेरांनंतर तेरा-चौदा वर्षांनी ही खुर्ची भारतीयाला मिळाली.

पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये, भारतानं ताजिकिस्तानला २-१ असं हरवलं आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरात मात्र मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि आशिया कपची दारं बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनंही १-० असं हरवलं. लगेच ‘बदला प्रशिक्षक’चा घोष सुरू झाला.

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या बोरीत फुटबॉल पाहिला जातो तो मोबाइलवर, तोही बहुधा युरोपातला. मेस्सी-रोनाल्डो पोरांना तोंडपाठ असतात, आपल्या देशाच्या प्रशिक्षकाचं नाव क्वचित कुणाला ठाऊक असतं. ते ठाऊक करून घ्या. आणि दोन पराभवांवरून या माणसाचा निकाल लावू नका. जमील घडले ते एका गरीब क्लबनं सात वर्षं दिली म्हणून. राष्ट्रीय संघानं निदान दोन तरी पुरती द्यावीत.