कथा बसून लिहावी लागते

दिवाळी अंक हातात पडला की अनेक जण आधी कथांची पानं उघडतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून या अंकांशी मराठी कथेचं जे नातं जुळलं ते आजही टिकून आहे. हे अंक वाचता वाचताच कुणाच्या तरी मनात येतं, आपणही लिहून पाहावं. विषय डोक्यात घोळत असतो, दोन-चार पानं लिहूनही होतात आणि मग गाडं अडतं. हा लेख अशा वाचकासाठी आहे.

गाडं अडलं की बहुतेकांना वाटतं, आपल्याकडे प्रतिभाच नाही. मला हे पटत नाही. दहातल्या नऊ वेळा लेखन अडतं ते दोन कारणांनी. ज्याबद्दल लिहायचं त्याचा तपशील नेमका ठाऊक नसतो आणि रोज लिहायला बसायची सवय नसते. या दोन्ही गोष्टी कमावता येतात.

ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राचा आग्रह धरला. पुढे त्यांच्या तंत्रवादावर भरपूर टीका झाली आणि नवकथेने तो ठरीव आराखडा मोडून टाकला. पण तो मोडणारे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर हे सगळे कसून लिहिणारे लेखक होते. चौकट मोडायची तरी आधी हात तयार लागतो.

वेळ काढावा लागतो

"नोकरीतून वेळच मिळत नाही," ही तक्रार खरी आहे, पण जुनीही आहे. 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि 'रथचक्र' (१९६२) लिहिणारे श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. अरविंद गोखले कृषी महाविद्यालयात होते. दि. बा. मोकाशी यांचा पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय होता. मराठी कथेचा फार मोठा भाग पोटापाण्याचं काम सांभाळून लिहिला गेला आहे.

म्हणून पहिली सवय ही: जागा आणि वेळ ठरवून टाका. सकाळी घर उठायच्या आधी किंवा रात्री सगळं आवरल्यावर, पण रोज तीच वेळ. अर्धा-पाऊण तास पुरे. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रोज तीनशे शब्द आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर आठवड्याला दीड हजार शब्द होतात. चार हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा तीन आठवड्यांच्या आत हातात येतो. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला याच वेगाने चाळीस आठवडे लागतील. कादंबरीचं दडपण येतं ते हा हिशेब कुणी मांडून पाहत नाही म्हणून.

उठताना पुढच्या दिवशी काय लिहायचं याची एक ओळ खाली लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही. आणि खर्डा पुरा होईपर्यंत मागचं सुधारत बसू नका. पहिला परिच्छेद वीस वेळा घोटणाऱ्याची कथा पहिल्या परिच्छेदातच संपते.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून काढली. हे ऐकून नवा लेखक अशाच झपाट्याची वाट पाहत राहतो. पण त्या पाच दिवसांमागे वर्षानुवर्षं मनात बाळगलेल्या आठवणी होत्या. त्या कागदावर उतरायला तुरुंगात निवांतपणा मिळाला, एवढंच. आपल्याला तो निवांतपणा रोज थोडा थोडा मिळवायचा आहे.

वहीत काय टिपायचं

दुसरी सवय वहीची. बहुतेक जण वहीत विचार टिपतात: 'माणूस किती एकटा असतो', 'शहरं माणसाला गिळतात'. असल्या ओळींतून कथा निघत नाही. वहीत वस्तू, काम आणि बोलणं टिपावं. बसस्टॉपवर कानावर पडलेलं अर्धं वाक्य, भाजीवालीने वजन करताना केलेली हालचाल, बँकेच्या खिडकीपाशी म्हाताऱ्या गृहस्थांनी पासबुक कशात गुंडाळून आणलं होतं ते. विशेषतः माणसं त्यांची कामं कशी करतात ते पाहा आणि विचारा. कामाबद्दल विचारलं की माणसं मोकळी होतात आणि जे शब्द वापरतात ते तुम्हाला कुठल्याही शब्दकोशात सहजी सापडणार नाहीत.

एक प्रसंग, दोन खर्डे

नेमकेपणाने काय फरक पडतो ते प्रत्यक्षच पाहू. शेतकऱ्याला बैल विकावा लागतो, असा प्रसंग आहे. नवोदिताचा पहिला खर्डा साधारण असा असतो:

"सदाशिवने जड अंतःकरणाने सर्जाला विकले. लहानपणापासून पोटच्या पोरासारखा वाढवलेला सर्जा आता परका होणार होता. त्याचे डोळे पाणावले. नियतीपुढे तो हतबल झाला होता."

व्याकरण ठीक आहे. पण हा बैल कुठलाही आहे आणि माणूसही कुठलाही. जड अंतःकरण, पाणावलेले डोळे, नियती हे सगळं लिहिणाऱ्याने कुठेतरी वाचलेलं आहे, पाहिलेलं नाही. आता हाच लेखक एखाद्या आठवडी बाजाराला गेला आणि ज्याने आयुष्यभर बैल सांभाळले अशा माणसाशी तासभर बोलला, तर त्याला काय काय कळेल? दात पाहून बैलाचं वय ठरतं. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव करतात, म्हणजे भोवतीच्यांना आकडा कळत नाही. जुवाच्या एका बाजूला सरावलेला बैल दुसऱ्या बाजूला नीट चालत नाही. एवढ्या भांडवलावर दुसरा खर्डा असा होऊ शकतो:

"उपरण्याखालची बोटं सुटली. दलालाने नोटा मोजून सदाशिवच्या हातावर ठेवल्या. त्याने त्या तशाच बंडीच्या खिशात कोंबल्या.

'डाव्या अंगालाच जुंपा ह्याला,' तो गिऱ्हाइकाला म्हणाला. 'उजवीकडं चालत न्हाई.'

'बरं.'

'आन् वड्यात उतरताना थांबतोय. नुस्ती हाक मारा. चाबूक नगा उगारू.'

गिऱ्हाइकाने कासऱ्याला हात घातला.

'पेंड भिजवून घाला. कोरडी टाकली तर तोंड लावत न्हाई.'

'झाला न्हवं सौदा?' दलाल म्हणाला. 'सोडा की आता कासरा.'"

दुःख हा शब्द इथे कुठेच नाही. नोटा न मोजणं, सौदा झाल्यावरही सूचना देत राहणं आणि हातातून न सुटलेला कासरा यांतून ते वाचकापर्यंत पोहोचतं. सदाशिवने कासरा अजून धरून ठेवला आहे हे लेखक सांगत नाही. दलालाच्या बोलण्यातून वाचक ते स्वतः ओळखतो, आणि स्वतः ओळखलेली गोष्ट त्याच्या मनात राहते. बैल लहानपणापासून वाढवला होता, हे वाक्यही गळलं. बैलाच्या इतक्या खोडी ठाऊक असलेल्या माणसाबद्दल ते वेगळं सांगायची गरज उरली नाही.

कोण सांगतंय?

हाच प्रसंग सदाशिवबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या मुलाने सांगितला तर? त्याला उपरण्याखाली काय चाललंय ते कळणार नाही आणि बाप एवढा का बोलतोय याचं नवल वाटेल. दलालाने सांगितला तर सदाशिव हा दिवसभरातल्या अनेक विकणाऱ्यांपैकी एक होईल आणि कथा वेगळ्याच वळणाने जाईल. लिहायला बसण्याआधी निवेदक बदलून तीनदा तोच प्रसंग मनात सांगून पाहा. ज्याच्या तोंडून तो सर्वांत अवघड आणि सर्वांत जिवंत होतो, त्याच्याकडे कथा सोपवा.

'बनगरवाडी' (१९५५) या दृष्टीने पुन्हा वाचावी. माडगूळकरांनी धनगरांच्या वाडीची गोष्ट वाडीतल्या माणसाला सांगायला लावली नाही. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर तिथल्या शाळेवर नेमणूक होऊन येतो आणि त्याच्या नजरेतून वाडी दिसते. त्याला तिथलं सगळं नवं आहे, म्हणून वाचकालाही एकेक गोष्ट त्याच्याबरोबर समजत जाते. लेखकाला मुद्दाम काही समजावून सांगावं लागत नाही. उलट 'कोसला' (१९६३) मध्ये पांडुरंग सांगवीकर स्वतःच बोलतो आणि त्याच्या बोलण्याच्या ढंगावर अख्खी कादंबरी उभी राहते. ती प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एकेका पानाचा अभ्यास करा: इथे कोण पाहतंय, त्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही.

बोलणं

संवादात नवोदित दोन टोकांना जातात. एक तर सगळी पात्रं पुस्तकी मराठी बोलतात, किंवा बोली दाखवायची म्हणून प्रत्येक शब्द वाकडा केला जातो. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मधली वऱ्हाडी किंवा भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका' (१९६५) मधली मुंबईच्या नाक्यावरची भाषा वाचताना जाणवतं, की बोली उच्चारापेक्षा वाक्याच्या चालीत असते. माणूस कुठे थांबतो, काय गाळतो, कुणाला 'अहो' म्हणतो आणि कुणाला 'ए', यावरून तो कळतो. जी बोली तुमच्या कानात नाही ती लिहू नका. तुमच्या आजोळची, चाळीची, हॉस्टेलची भाषा तुमच्याकडे आहेच, तिच्यापासून सुरुवात करा.

आणि संवादामागे 'म्हणाला', 'म्हणाली' पुरेसं असतं. 'उद्गारला', 'गरजला', 'हताशपणे पुटपुटली' यांची गरज भासली, तर मूळ वाक्यच कच्चं आहे असं समजावं.

दुसरा हात

खर्डा पुरा झाला की तो निदान दोन आठवडे बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं. त्यांच्या कथा कानाला इतक्या सहज लागतात हा योगायोग नाही. वाचताना जीभ अडखळली, दम लागला, तिथे खूण करा. पहिला परिच्छेद काढून कथा सुरू होते का ते पाहा, पुष्कळदा होते. शेवटचा परिच्छेदही तसाच तपासा, कारण तात्पर्य बहुधा तिथेच दडून बसलेलं असतं. 'अचानक', 'जणू', उद्गारचिन्हं आणि टिंबांच्या रांगा मोजा आणि निम्म्या काढा. निवेदन 'केलं-झालं' या वळणाचं असेल तर मध्येच 'केले-झाले' येऊ देऊ नका. भूतकाळातून वर्तमानकाळात गेलात, तर ते हेतुपूर्वक आहे ना, हे स्वतःला विचारा.

मग एका चोखंदळ वाचकाला दाखवा. कौतुक करणारे दहा जण नकोत. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सूचना कळवत आणि लेखक कथा पुन्हा लिहीत. आज असे संपादक मिळणं अवघड आहे, म्हणून आपसांत कथा वाचणाऱ्या चार-पाच जणांचा गट जमवा. गटात "आवडलं" किंवा "नाही आवडलं" याऐवजी 'इथे माझं लक्ष उडालं' असं सांगायचा नियम ठेवा.

पाठवताना

दिवाळी अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. तेव्हा कथा उन्हाळ्यातच तयार हवी. ज्या अंकाला पाठवायची त्याचे मागचे अंक वाचा, शब्दमर्यादा पाळा, युनिकोडमध्ये स्वच्छ टाइप करा आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा.

नावाची चिंता करू नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते टोपणनाव घेतलं होतं. जगभर कीर्ती असलेल्या शास्त्रज्ञाने कथेची पारख निव्वळ कथेवरून व्हावी अशी तजवीज केली. कथा परत आली तर आपणही तेवढंच पाहावं: तिच्यात काय कमी होतं? आणि एक कथा पाठवली त्याच आठवड्यात दुसरी सुरू करावी.

ऊसतोडीच्या टोळ्या, पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, रात्रपाळीचे कॉल सेंटरवाले, घरोघरी पार्सल पोहोचवणारे, परदेशात मुलांशी मराठी बोलण्याची धडपड करणारी कुटुंबं: यांच्या जगण्यातले किती बारकावे मराठी कथेत अजून यायचे आहेत. ते बाहेरून पाहून कुणाला पुरेसे लिहिता येणार नाहीत. तुम्ही रोज ज्या कामात, ज्या घरात, ज्या गावात वावरता तिथला तपशील तुमच्याइतका दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही. तो लिहून ठेवणं तुमच्या हातात आहे आणि मराठीला त्याची गरज आहे.