फातिमा शेख यांच्यावर प्रोजेक्ट लिहिताय? मग पुरावा हातात घेऊन लिहा

जानेवारी आला की शाळा आणि ज्युनिअर कॉलेजांत ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती होते आणि पाठोपाठ ९ तारखेला फातिमा शेख यांची आठवण काढली जाते. नेमकी याच दिवसांत प्रोजेक्टची घाई असते. आपल्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच मुली विषय म्हणून फातिमा शेख यांनाच निवडतात. निवड उत्तमच आहे. पण हाती येणारे बहुतेक प्रोजेक्ट एकाच साच्याचे असतात. इंटरनेटवरचा फोटो, जन्मतारीख, 'देशातील पहिल्या मुस्लिम शिक्षिका' असं मोठ्या अक्षरांतलं शीर्षक आणि शेवटी सलाम. शिक्षक जेव्हा 'तुमचं म्हणणं मांडा आणि ते पटवून द्या' असं सांगतात, तेव्हा एवढ्याने भागत नाही. पटवायचं कुणाला? जो आधीच आपल्या बाजूचा आहे त्याला काय पटवणार!

न पटलेला माणूस कोण असतो, हे २०२५ च्या जानेवारीत सगळ्यांनी पाहिलं. एका जुन्या पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच, ते पात्र आपणच रचलं. दोन दिवस नुसता गदारोळ. आपल्या लोकांनी रागाने शेकडो पोस्टी लिहिल्या. त्यातल्या बहुतेकांत पुरावा नव्हता, फक्त दुखावलेपण होतं. मोजक्या अभ्यासकांनी मात्र एका पत्राकडे बोट दाखवलं आणि वादाचा नूर बदलला.

ते पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या आणि त्यांनी पुण्यात जोतीरावांना लिहिलं. त्यात त्या म्हणतात की आपण नसल्याने फातिमाला त्रास होत असणार, पण ती तक्रार करणार नाही. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९८८ साली छापला. म्हणजे समाजमाध्यमांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. 'हे नाव मी रचलं' या दाव्याला या एका तारखेनं उत्तर मिळतं. आरडाओरड करावी लागत नाही.

आता प्रोजेक्टकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे विषय आणि दावा यांतला फरक. 'फातिमा शेख यांचे कार्य' हा विषय झाला. त्याला कुणी हो किंवा नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्यावर पटवून देणारा लेखही होत नाही. 'फातिमा शेख काल्पनिक नाहीत, फुले दांपत्याच्या कामात त्यांचा हात होता, हे १८५६ च्या पत्रावरून दिसतं' हा दावा झाला. यावर समोरचा वाद घालू शकतो. घालू द्या. दावा एका वाक्यात बसत नसेल तर तो अजून तयार नाही असं समजा. आमचा सल्ला असा की हे वाक्य आधी वहीत लिहून घरच्यांना, एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखवा. त्यांनी 'कशावरून?' असं विचारलं तर गाडी रुळावर आहे.

'कशावरून' हा प्रश्न आपल्याला परका नाही. हदीसच्या अभ्यासात मजकुराआधी सनद तपासतात. कुणी कुणाकडून ऐकलं, सांगणारा भरवशाचा होता का, मधली कडी तुटलेली तर नाही? सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतही आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. मदरशात हे शिकलेली मुलं प्रोजेक्ट लिहिताना मात्र व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर जसाच्या तसा उतरवतात, याचं आम्हाला नवल वाटतं. तीच सनद इथे लावा. गुगलने ९ जानेवारी २०२२ ला फातिमा शेख यांचं डूडल ठेवलं होतं. त्यावरून त्यांचा सन्मान झाला एवढंच कळतं, त्या कधी जन्मल्या हे सिद्ध होत नाही. १८५६ च्या पत्राचं वजन वेगळं, कारण ते त्या काळातल्या, त्या कामातल्या बाईने लिहिलेलं आहे.

तुलनेसाठी मुक्ता साळवे यांचं उदाहरण घ्या. फुल्यांच्या शाळेतल्या या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. तिथे तिचे स्वतःचे शब्दच हाती आहेत. फातिमाबाबत दुसऱ्या व्यक्तीने केलेला उल्लेख आहे. दोन्ही पुरावेच, पण ताकद सारखी नाही, आणि लेखात तसं मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. विरोधी बाजू मांडताना बहुतेक मुलं एक दुबळा आक्षेप उभा करतात आणि तो पाडून मोकळी होतात. तसं करू नका. सगळ्यात कठीण आक्षेप कोणते? पत्रात फक्त 'फातिमा' आहे, 'शेख' हे आडनाव नाही. ती शिक्षिका होती असं सरळ लिहिलेलं नाही, 'पहिली' तर दूरच. त्रास घरकामाचाही असू शकतो. शिवाय छापील पत्राचं मूळ हस्तलिखित कुठे, असंही कुणी विचारेल. हे प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आपला दुश्मन नसतो. इतिहासाचा चांगला शिक्षकही हेच विचारेल.

उत्तर देताना जेवढं हातात आहे तेवढंच द्या. सावित्रीबाई गैरहजर असताना जिच्यावर कामाचा भार पडतो आणि ज्याची त्यांना काळजी वाटते, ती त्या कामातली जवळची सोबतीण असली पाहिजे, हा अनुमान पटण्यासारखा आहे. पत्रातला बाकी मजकूरही दांपत्याच्या कामाबद्दल आणि त्यावरून भावाशी झालेल्या वादाबद्दल आहे. तो संदर्भ अवश्य द्या. 'शाळेच्या कामात' असं लिहायचं तर आधी 'बहुधा' हा शब्द घाला. जन्मतारीख लिहायची तर 'मानली जाते' असं लिहा. 'पहिली' ही पदवी पत्रातून निघत नाही, तेव्हा तिच्यावर आपला दावा उभा करू नका. काही पालकांना हे आवडत नाही. मुलगी आपल्याच माणसांचं मोठेपण कमी करतेय असं त्यांना वाटतं. पण २०२५ च्या वादात अडचणीत कोण आलं ते आठवा. तारखा आणि पदव्या ठासून सांगणारे अडकले, पत्र दाखवणारे नाही.

भाषेबद्दल थोडंसं. 'महान', 'थोर', 'अजरामर' हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर येऊ द्या, दुसऱ्यात काढा. एका परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याचा पुरावा तिथेच. मूळ ग्रंथ पाहिला असेल तर पान क्रमांक द्या. दुसऱ्याच्या लेखातून पत्र घेतलं असेल तर त्या लेखाचं नाव द्या, मूळ पाहिल्याचा आव आणू नका. तोंडी परीक्षेत नेमकं तेच पान विचारलं जातं.

'समग्र वाङ्मय' जिल्हा ग्रंथालयात किंवा कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, तिथेही शोधा. १८५६ च्या पत्राच्या पानांची झेरॉक्स काढून प्रोजेक्टला जोडा, आणि हे पत्र फातिमाच्या नावाची ओळ येते तिथूनच नाही, पहिल्या ओळीपासून वाचा.